आधी उसवायला शिका: क्रोशा आणि विणकाम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

माझा पहिला मफलर ३० टाक्यांनी सुरू झाला आणि हातभर विणून होईतो १९ टाक्यांवर आला. मधले ११ टाके कुठे गेले ते कळलं नाही, आणि गेले आहेत हेही फार उशिरा कळलं. पलंगावर पसरून पाहिला तर नांगराच्या फाळासारखा दिसत होता. पिशवीत कोंबला तो आठ महिने तसाच पडून राहिला. मला विणता येत नव्हतं अशातला भाग नाही. चूक कुठे आहे ते दिसत नव्हतं, आणि दिसली असती तरी तिथपर्यंत मागे जायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. बहुतेक नवखे इथेच सोडून देतात. म्हणून या लेखात उसवण्याला जरा जास्त जागा दिली आहे.

पायरी १: क्रोशा की दोन सुया, ते ठरवा

क्रोशात आकड्याची एकच सुई असते आणि कुठल्याही क्षणी बहुधा एकच फास उघडा असतो. हातातून सुटलं तरी फार तर दोन-चार टाके उसवतात. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते, सुई निसटली की सगळेच टाके उघडे पडतात. म्हणून चुकांची भीती वाटणाऱ्याने क्रोशापासून सुरुवात करावी. कापड मात्र वेगळं होतं. क्रोशाची वीण जाडसर, अंगाने भरीव, आकार धरून राहणारी. खेळणी, पिशव्या, चौकोन जोडून केलेल्या गोधड्या यांना उत्तम. सुयांवरची वीण ताणली जाते, अंगासरशी बसते. मोजे, टोपी, स्वेटर तिचेच. एकाच आकाराच्या तुकड्याला क्रोशात साधारणपणे लोकर जास्त लागते, हेही धरून चाला.

दोन्ही शिका, पण एकाच महिन्यात नको. धागा धरायची सवय एका हाताला लागते न लागते तोच ती मोडावी लागते आणि दोन्ही अर्धवट राहतं.

पायरी २: साहित्य, आणि त्यातला आकड्यांचा घोळ

लोकर म्हणजे आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, मग ती मेंढीची असो, अ‍ॅक्रिलिक असो की सुती. पहिल्यासाठी मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची घ्या. काळी, गडद निळी, केसाळ, चमकीच्या धाग्याची, सगळी नंतर. काळ्या लोकरीवर दिव्याखालीसुद्धा टाका दिसत नाही, आणि केसाळ लोकर उसवताना एकमेकींत अडकून बसते. सुती धागा क्रोशाला चालतो. सुयांवर मात्र तो ताण घेत नाही, बोटं दुखतात.

क्रोशाची सुई ५ मिलिमीटरची घ्या. विणकामाच्या सुया ४.५ किंवा ५ मिलिमीटरच्या, शक्यतो बांबूच्या किंवा लाकडाच्या. धातूच्या सुया वेगाला चांगल्या, पण त्यांवरून टाके घसरतात आणि सुरुवातीला ते नको असतं.

मापं मिलिमीटरमध्येच विचारा. सुयांचे नंबर फसवे असतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर. अमेरिकन पद्धतीत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. दोघंही ‘आठ नंबर’ म्हणणार आणि दोघांच्या टोपीत एका डोक्याचा फरक पडणार.

गुंड्यावरची कागदी पट्टी फेकू नका. तिच्यावर सुईचं सुचवलेलं माप, धुण्याच्या खुणा आणि रंगाचा लॉट नंबर असतो. एकाच रंगाचे पण वेगळ्या लॉटचे गुंडे दुकानात सारखे दिसतात; स्वेटरच्या पाठीवर मधोमध रेघ ओढल्यासारखे उठून दिसतात. मोठ्या कामाला एक गुंडा जास्तच घ्यावा.

याखेरीज कात्री, मोजपट्टी, मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि टाक्यावर अडकवायच्या खुणेच्या चिमट्या. चिमट्या नसल्या तर दुसऱ्या रंगाच्या धाग्याचे तुकडे बांधा, काम तेच होतं.

पायरी ३: पहिला आठवडा, काहीही न बनवता

क्रोशावाल्यांनी सरकगाठ घालून नुसती साखळी विणावी. शंभर टाक्यांची विणा, ओढून उसवा, पुन्हा विणा. पहिली साखळी दोरीसारखी ताठ होते, मधली सैल, आणि साधारण चौथ्या-पाचव्या वेळेला टाके एकमेकांसारखे दिसायला लागतात. धागा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून आणा. पकड कुणाचीही नक्कल नको; धागा सुटा वाहतोय आणि तरी लोंबकळत नाही, एवढंच पाहा.

मग मुका खांब. साखळीच्या घरात सुई घाला, धागा आकड्यात धरून बाहेर ओढा, सुईवर दोन फास झाले. पुन्हा धागा धरा, दोन्हींतून एकदम काढा. झाला. साखळीचे २१ टाके, म्हणजे २१ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, आणि ओळीअखेर २० खांब मोजा. वळताना एक साखळी घालून परत. पायाची साखळी घट्ट होत असेल तर तेवढ्यापुरती अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई वापरा.

सुयांवाल्यांनी २० टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणाव्यात. उजवी सुई टाक्यात डावीकडून घाला, तिच्यावरून धागा घ्या, धाग्याचा फास टाक्यातून पुढे ओढा, जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. दोन्ही बाजूंनी आडव्या कंगोऱ्यांचं कापड तयार होतं आणि ते सपाट राहतं. ‘एक ओळ सुलट, एक उलट’ (उलट टाका म्हणजे सुलट टाका मागून पाहिल्यासारखा) ही गुळगुळीत वीण सगळ्यांना हवी असते, पण ती कडांना गुंडाळी होते. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची-खालची पुढे. विणणाऱ्याची चूक नसते ती. सुलट आणि उलट टाक्याची घडणच पुढून-मागून वेगळी, त्याचा तो ताण. दोन्ही बाजूंना तीन-चार टाके आणि वर-खाली काही ओळी नेहमी सुलट ठेवल्या की कडा बसते.

डावखुऱ्यांनी क्रोशा डाव्या हातातच धरावा आणि चित्रं आरशात पाहिल्यासारखी उलटी करून वाचावीत. सुयांच्या कामात दोन्ही हात राबतात, तेव्हा आधी इतरांसारखंच करून पाहायला हरकत नाही.

पायरी ४: टाका वाचता यायला हवा

गुळगुळीत विणीची सुलट बाजू जवळून पाहा. प्रत्येक टाका इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो, गव्हाच्या ओंबीतल्या दाण्यांसारखे एकावर एक बसलेले. उलट बाजूला त्याच टाक्याची आडवी गाठ दिसते, टाक्याच्या गळ्यात मफलर गुंडाळल्यासारखी. सुईवरच्या टाक्याखाली ‘व्ही’ असेल तर तुमच्याकडून तो सुलट दिसतोय. गाठ असेल तर उलट. हे डोळ्यांना बसलं की ओळ विसरलात तरी कापडच सांगतं पुढे काय ते.

आता माझ्या ११ टाक्यांची हकिकत. तो मफलर क्रोशाचा होता, लांब खांबांचा, म्हणजे मुक्या खांबाहून उंच टाक्यांचा. लांब खांबात ओळीच्या सुरुवातीला वळायच्या तीन साखळ्या घालतात आणि त्या तीन साखळ्यांनाच बहुधा पहिला खांब मानतात. परत येताना शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो. त्या खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून मी त्या सोडून वळत होतो. एका ओळीत एक टाका गेला, की पुढे जातच राहतो. उपाय साधा: प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात चिमटी लावा, वळायच्या साखळीवर पहिली. चिमटीतल्या टाक्यात खांब घातल्याशिवाय वळायचं नाही. मुक्या खांबात मात्र वळायची एक साखळी सहसा मोजत नाहीत, त्यामुळे दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळू नका.

सुयांवर उलटा रोग होतो: टाके वाढतात. कारणं बहुधा दोनच. एक, ओळीच्या सुरुवातीला धागा सुईच्या डोक्यावरून मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिला टाका वर ओढला जाऊन त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. दोन, मधेच धागा पुढे राहतो आणि सुईवर फुकटचा वेढा पडतो. पुढच्या ओळीत तोही टाका म्हणून विणला जातो, खाली भोक राहतं. पहिला महिना दर ओळीला टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण चूक एका ओळीच्या अंतरावर सापडते.

सुटलेल्या टाक्याची भीती सगळ्यात मोठी, आणि दुरुस्ती सगळ्यात सोपी. टाका निसटून चार ओळी खाली गेला की वर आडव्या दोऱ्यांची शिडी दिसते. ‘व्ही’ची बाजू आपल्याकडे करा, क्रोशाची सुई सुट्या फासात पुढून घाला, त्याच्या लगेच वरची पायरी आकड्यात धरा, फासातून ओढा. मग तिच्या वरची. शेवटच्या पायरीनंतर टाका सुईवर ठेवा. म्हणून सुयांचं काम करणाऱ्याच्या पिशवीतही एक क्रोशा असतोच.

पायरी ५: उसवणं

लाकूड चुकीचं कापलं की गेलं, कापड चुकीचं बेतलं की गेलं. लोकर परत येते, सगळीच्या सगळी. मुद्दाम उसवायलाच म्हणून एक तुकडा विणा. वीस ओळी झाल्या की सुई काढून घ्या आणि धागा ओढा. टर्र-टर्र आवाज करत ओळी सुटताना छातीत धस्स होतं. तिसऱ्या वेळेला ते कमी होतं, आणि नंतर, खरं सांगतो, मजा वाटायला लागते.

क्रोशात चुकीच्या टाक्यापर्यंत ओढायचं, फास सुईवर घ्यायचा, विणायला लागायचं. सुयांवर जरा रीत आहे. चुकीच्या ओळीच्या एक ओळ वरपर्यंत बिनधास्त उसवा. ती शेवटची ओळ मात्र एकेक टाका सोडवत, सोडवलेला टाका लगेच बारीक सुईवर घेत उसवा. बारीक सुई टाक्यात सहज शिरते. टाके घेताना प्रत्येकाचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा. डावा पुढे आला तर तो टाका पिळलेला विणला जाईल. तसा दिसला की फिरवून घ्या.

जाळीचं किंवा अवघड नक्षीचं काम असेल तर दर दहा-बारा ओळींनी बोथट सुईने वेगळ्या रंगाचा गुळगुळीत धागा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे काही बिघडलं तर उसवण त्या धाग्यापाशी येऊन थांबते. काम झालं की ओढून काढायचा.

उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते. थोडी असेल तर तशीच वापरा. जास्त असेल तर खुर्चीच्या पाठीभोवती लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, न पिळता टांगा. वाळेपर्यंत सरळ होते, निदान मेंढीची तरी.

कधी उसवायचं, याचा माझा ठोकताळा असा: रात्री सापडलेली चूक रात्री उसवायची नाही. थकल्या डोळ्यांनी उसवताना आणखी दोन चुका होतात, आणि सकाळी उजेडात निम्म्या वेळा ती चूक शोधूनही सापडत नाही. टाक्यांची संख्या बिघडवणारी चूक उसवा. मापात न बसणारं काम उसवा. एखादा सुलटाच्या जागी उलटा टाका पडला असेल आणि तो पाठीवर खाली असेल, तर तुमच्याशिवाय कुणाला दिसणार आहे?

पायरी ६: नमुना वाचणं

नमुना म्हणजे वस्तू कशी विणायची त्याच्या लिहिलेल्या सूचना. आधी तो कुठल्या बोलीतला आहे ते पाहा. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, तोच आपला मुका खांब. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, आपला लांब खांब. नमुन्यात ‘सिंगल’ हा शब्द आला की तो अमेरिकन समजा, कारण ब्रिटिश नावांत सिंगल क्रोशे नाहीच.

चांदणीच्या दोन खुणांमधला मजकूर पुन्हापुन्हा करायचा असतो. ओळीच्या शेवटी कंसातला आकडा म्हणजे त्या ओळीअखेरची टाक्यांची संख्या. तो जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता सगळे टाळतात ती गोष्ट, नमुन्याचा चौकोन. नमुना सांगतो: १० सेंटीमीटरमध्ये २० टाके. तुमच्या हाताने २२ बसतात. दोनाने काय होतंय? १०० सेंटीमीटर घेराच्या स्वेटरला २०० टाके लागतात. तुमच्या हाताने तेच २०० टाके ९१ सेंटीमीटर भरतील. नऊ सेंटीमीटरने स्वेटर अंगात जाणार नाही. म्हणून १५ सेंटीमीटरचा चौकोन विणा, खरं काम जसं धुणार तसा धुऊन वाळवा, आणि कडा सोडून मधले १० सेंटीमीटर मोजा. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. मफलरला किंवा खेळण्याला हे नाही केलं तरी चालतं, टोपीला चालत नाही.

पायरी ७: पहिली खरी वस्तू

मफलर सुचवणारे पुष्कळ, पण मी सुचवणार नाही. तो संपत नाही. पहिली वस्तू दोन-तीन बैठकांत हातावेगळी व्हायला हवी: पुसायचं फडकं, कपाखालचा रुमाल, क्रोशात चौकोन. त्यानंतर सुयांवाल्यांनी टोपी, क्रोशावाल्यांनी गोल विणून एखादं छोटं खेळणं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी खेळणं असेल तर डोळे मण्यांचे-बटणांचे न लावता दोऱ्याने भरा.

मनाचं काय

विणल्याने मन शांत होतं असं सगळेच म्हणतात. २०१३ मध्ये ब्रिटनच्या एका व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात ३१ देशांतल्या साडेतीन हजारांहून जास्त विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. यात ज्यांना विणण्याने काही मिळालं नाही ते लोक उत्तरं द्यायला आलेच नसणार, हे लक्षात ठेवा. औषध म्हणून बघू नका. पण हात गुंतलेले असले की डोक्यातली भिरभिर एका जागी बसते, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणेन.

त्यासाठी एक युक्ती: एका वेळी दोन कामं सुरू ठेवा. एक डोक्याचं, मोजायला लावणारं. दुसरं नुसतं हाताचं, सरळ ओळींचं. मन ठिकाणावर नसताना पहिलं उचललंत तर चुका होतील आणि चिडचिड वाढेल. अशा वेळी दुसरं.

हाताला मनाचं सगळं कळतं, हेही सांगायला हवं. वडिलांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून एका स्वेटरची बाही विणत होतो. सकाळपासून दुपारपर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत आलो. सुई तीच, लोकर तीच, टाके तेवढेच. घरी येऊन दुसऱ्या बाहीवर ठेवून पाहिली तर दोन सेंटीमीटर अरुंद. टाके इतके घट्ट की बोट लावलं तर कडक लागावं. वर सांगितलेल्या सगळ्या नियमांप्रमाणे ती उसवायला हवी होती. नाही उसवली. बाह्या दुमडल्या की फरक कळत नाही.

भेटवस्तूंबद्दल थोडं. चाळीस तासांचं काम ज्याला देणार त्याला ते तासांत मोजता येत नाही, आणि त्याने मोजावं अशी अपेक्षा धरली तर तुम्हीच दुखावले जाल. आधी रंग विचारा. धुण्याची रीत सांगा. मेंढीची साधी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटून नमद्यासारखी होते, आणि मग कुणाला राग धरायचा? विणणाऱ्यांत एक थट्टा आहे, ‘स्वेटरचा शाप’: प्रिय व्यक्तीसाठी स्वेटर विणायला घेतला की तो पुरा व्हायच्या आत नातं तुटतं. शाप नसेल, पण टोपीपासून सुरुवात केलेली बरी.

‘विकत का नाही?’ हा प्रश्न तिसऱ्या वस्तूपर्यंत येतोच. उत्तर द्यायची घाई नको. पुरुष असाल तर ‘तू? विणतोस?’ हाही येतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाण्यात सूर मारणारा ब्रिटनचा खेळाडू टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने पाहिला. सुवर्णपदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने लोकरीची पिशवीही केली होती. मी हे उदाहरण तोंडपाठ ठेवलंय.

दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका. अंगठा, मनगट, खांदा अशा क्रमाने तक्रार येते. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवा, बोटं पसरा, मान फिरवा. मुंग्या येत असतील तर काही दिवस बंद, आणि थांबेनातच तर डॉक्टर.

पायरी ८: शेवट करणं

टाके सैल हाताने बंद करा, नाहीतर टोपी डोक्यात शिरत नाही. धागा तोडताना वीतभर शेपूट ठेवा. बोथट सुईने ते मागच्या बाजूने एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला ओवा. एकाच दिशेने ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर डोकावतं. टोकं दर गुंड्याला आवरा. शेवटी तीस टोकं बाकी राहिली की काम पिशवीत जातं आणि तिथेच राहतं.

मग धुणं आणि बसवणं. मेंढीच्या लोकरीची वस्तू कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. सपाट जागी हव्या त्या मापाला पसरा, टाचण्या लावा. वाकडेतिकडे टाके यात आश्चर्य वाटावं इतके सारखे होतात. अ‍ॅक्रिलिकवर पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. त्याला दुरून वाफ देतात, पण इस्त्री टेकवलीत तर वीण कायमची लोळागोळा होते आणि तिथे उसवूनही उपयोग नसतो. टाचण्या पूर्ण वाळल्यावरच काढायच्या, त्याला एक दिवस लागतो, कधी दोन. मधेच एक कोपरा उचलून पाहायचा नाही. मी दर वेळी पाहतो, आणि दर वेळी तो कोपरा पुन्हा ओला करून बसवावा लागतो.